हिरवा शेरा

१ फेब्रुवारी, रविवार. इंदिरानगर, नाशिक.

पोचले एकदाची! बॅग अजून अर्धीच उघडली आहे, पण नवं गाव आणि नवी डायरी एकाच दिवशी सुरू व्हावं असं कधीचं मनात होतं, म्हणून आधी हे.

खोली झकास आहे. वरचा मजला, जिना बाहेरून, खिडकीसमोर बदामाचं झाड. खाली घरमालकीण प्रतिभाकाकू एकट्या राहतात, मुलगा-सून पुण्याला. मी टेकते न टेकते तोच त्यांनी चहा आणि परातभर द्राक्षं आणून ठेवली. मी म्हटलं, काकू, एवढी कोण खाणार? तर म्हणाल्या, या दिवसांत नाशकात द्राक्षं विकत कोण घेतो, ज्याला इथं ओळखीचं कुणी नाही तो. म्हणजे आता मला इथं ओळखीचं कुणीतरी आहे. बरं वाटलं.

यवतमाळला फोन केला. आईचे नेहमीचे प्रश्न. बाबा म्हणाले, मंजुषा, नागपूरच्या विमानतळावर लोकांच्या बॅगा पाहायचीस, आता थेट ट्रक पाहणार, बॅगेतून ट्रकात बढती. खरंच आहे. लोणच्याच्या बरण्या आणि लायटर शोधून डोळे थकले होते. उद्यापासून अख्खे कंटेनर.

३ फेब्रुवारी

डेपो दिंडोरी रस्त्यापासून थोडा आत आहे, तिन्ही बाजूंनी द्राक्षबागा. समुद्र कुठल्या कुठे, पण सगळे त्याला ‘बंदर’च म्हणतात, कारण परदेशी जाणाऱ्या मालाचं कस्टम्सचं सगळं काम इथंच उरकतं. पूर्वी म्हणे प्रत्येक कंटेनर उघडायचा, निम्मा माल खाली काढायचा, मोजायचा, परत भरायचा. द्राक्षाचा ट्रक उन्हात ताटकळत उभा आणि बागायतदार कपाळाला हात लावून बाजूला. आता ट्रक स्कॅनरच्या मोठ्या कमानीखालून हळू निघून जातो आणि त्याच्या पोटातलं सगळं माझ्या पडद्यावर उमटतं. धातू निळा. फळं, लाकूड, कापूस, जे जे कधी जिवंत होतं ते नारिंगी. ठीक वाटलं तर मी हिरवं बटण दाबायचं. तो हिरवा शेरा क्षणात मुंबईच्या बंदरावर पोचतो, मग वाटेत कुणी त्या डब्याला हात लावत नाही. शंका आली तर लाल. मग कस्टम्सच्या अधीक्षकसाहेबांसमोर सील तोडून दार उघडायचं.

आमच्या पाळीचे प्रमुख समर्थ निकम. माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठे असतील. स्कॅनरबद्दल असं बोलतात जसं कुणी आपल्या नव्या बुलेटबद्दल बोलतं. डेपोचं उद्घाटन मागच्याच महिन्यात झालं, कमानीवर झेंडूच्या माळा वाळून अजून तशाच आहेत.

सध्या मोसम द्राक्षाचा. दिवसभर थंड कंटेनर, म्हणजे चाकांवरचे भलेमोठे फ्रीजच. आत पाणी गोठेल न गोठेल एवढा गारवा. पडद्यावर मात्र तेच सगळ्यांत उबदार दिसतात. काठोकाठ नारिंगी.

९ फेब्रुवारी

कंपनीच्या बसमधून उतरलं की गेटबाहेर बाभळीखाली एक बाई रोज बसलेली दिसते. हिरवं लुगडं, शेजारी कापडी पिशवी. मला वाटलं, काहीतरी विकत असेल. आज जेवणाच्या सुट्टीत जवळ गेले. नाव अक्काबाई. पेठकडच्या डोंगरातली. नवरा पुंजा, इथं शीतगृहात हमाल होता. उद्घाटनाच्या दिवशी कामावर आला तो घरी परतलाच नाही.

ठेकेदार सांगतो, गुजरातकडे गेला असेल दुसऱ्या कामाला, तुमच्याकडचे लोक जातातच. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली आणि तेही तेच म्हणाले.

“जायचं असतं तर सांगून गेले असते,” अक्काबाई म्हणाली. “चपला हितंच हायेत त्यांच्या. अनवाणी कोन जातंय गुजरातला, ताई?”

पिशवीत त्या चपला होत्या. शीतगृहात शिरताना बाहेर काढून ठेवतात, तिथंच तिला सापडल्या.

माझ्या डब्यातल्या दोन पोळ्या तिला दिल्या. तिनं एक घेतली.

१४ फेब्रुवारी

आज मी पहिला लाल शेरा दिला.

सकाळच्या पाळीतला दिंडोरीचा द्राक्षाचा कंटेनर. चित्र नेहमीसारखं सरकत होतं, खोक्यांच्या सारख्या ओळी. दारापाशी, शेवटची ओळ आणि दार यांच्यामधल्या सांदीत, कुणीतरी बसलं होतं. गुडघे पोटाशी घेतलेले, डोकं खाली. नारिंगीवर नारिंगी, पण कडा स्वच्छ. बरगड्यासुद्धा.

मी ओरडलेच. समर्थसर धावत आले, त्यांनी कमान थांबवली. साहेबांना बोलावलं. दत्तू नावाचा हमाल सील तोडायला आला. मला एकच दिसत होतं, आत कुणी गुदमरतोय.

दार उघडलं. खोकी. दाराला टेकलेली, वरपासून खालपर्यंत. सांद नव्हतीच. एक मांजर बसेल एवढीही जागा नव्हती. तरी निम्मा कंटेनर खाली करायला लावला मी. काही नाही.

माल चिमाजी थेटे नावाच्या म्हाताऱ्या बागायतदाराचा होता. ते ओरडले नाहीत. उघड्या दारातून गारवा बाहेर पडताना बघत राहिले फक्त. मला खूप लाज वाटली.

परत येऊन जतन झालेलं चित्र पाहिलं. त्यात खोकीच. माणूस नाही.

१५ फेब्रुवारी

मुंबईहून तंत्रज्ञ आला, त्यानं यंत्र तपासलं. कधीकधी आधीच्या चित्राची सावली पडते म्हणाला. अधीक्षकसाहेब भले आहेत, म्हणाले, चूक झाली तरी अशा बाजूची व्हावी. समर्थसरांनी चहा पाजला. रात्री झोपही चांगली लागली. नव्या कामाचा ताण, दुसरं काय.

१९ फेब्रुवारी

पुन्हा दिसला.

दुसऱ्या बागेचा माल, दुसरा ट्रक. या वेळी तो उभा होता. दोन्ही तळवे दाराला आतून टेकवलेले, बोटं पसरलेली. मी डोळे मिटले, उघडले. तो होताच. समर्थसरांना हाक मारली, ते येईपर्यंत चित्र पुढं सरकलं होतं. त्यांना काही दिसलं नाही.

मी लाल दाबलं.

उघडलं. खोकी. दार बंद करताना दत्तूनं माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर वळवली. संध्याकाळी लेखी समज मिळाली. आणखी एक झाली की नोकरी जाईल, असं समर्थसर नीट, न रागावता म्हणाले.

आज एक गोष्ट मात्र नक्की पाहिली. त्याच्या डाव्या मांडीत एक सरळ निळी रेघ होती. निळी म्हणजे धातू.

२१ फेब्रुवारी

हे शांतपणे लिहायचं आहे.

दुपारी अक्काबाईजवळ बसले होते. ती पुंजाबद्दल सांगत होती, मी नुसती हं हं करत होते. म्हणाली, थंडीत त्यांचा पाय दुखतो. कुठला पाय, मी विचारलं. डावा. दोन वर्षांमागं ट्रकवरून पडले, नाशकाच्या सिव्हिलमध्ये मांडीत सळई टाकली.

तिनं स्वतःच्या मांडीवर बोटानं रेघ ओढून दाखवली.

ती लांबी मी पाहिली होती.

२२ फेब्रुवारी

समर्थसरांना सगळं सांगितलं. मला वाटलं, हसतील. त्यांनी केबिनचं दार लोटलं आणि खुर्चीत बसले. मग जे सांगितलं ते असं. उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांसमोर पहिला कंटेनर कमानीखालून न्यायचा होता. तो शीतगृहातल्या हमालांनी घाईघाईनं भरला, लगेच दार लावलं. पाहुण्यांनी फीत कापली, ट्रक निघाला, टाळ्या. पडद्यासमोर कुणीच नव्हतं. सगळे फोटोसाठी बाहेर उभे होते. हिरवं बटण त्यांनी नंतर येऊन दाबलं. चित्र न बघता.

तो कंटेनर आता जहाजावर आहे. हल्ली जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जातात, अजून पोचायचाय.

आम्ही दोघं अधीक्षकसाहेबांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं. उद्घाटनाच्या दिवसाचं चित्र मागवलं तर यंत्र तेव्हा चाचणीवर होतं, काही जतनच झालेलं नाही. मग मला दिसलेला माणूस, तोही जतन झालेला नाही. साहेब म्हणाले, परदेशी बंदराला मी काय कळवू? आमच्या मुलीला दिसतं असं?

बाहेर आले. अक्काबाई बाभळीखाली होती.

मी तिला सांगितलं. तिला कळायलाच हवं होतं, असं तेव्हा वाटलं. सगळं सांगितलं, पहिला कंटेनर, जहाज, आणि मला दिसतो तेही. ती रडली नाही.

“कुठल्या डब्यात दिसतात?”

मी म्हटलं, द्राक्षाच्या. कुठल्याही. दारापाशी.

“लय गार असंल ना आत?” एवढंच विचारलं तिनं. मग पिशवीतल्या चपला काढून पदरानं पुसल्या.

२६ फेब्रुवारी

नवी सोय आली आहे. आता चित्र आधी संगणक वाचतो आणि स्वतःच हिरवं किंवा लाल सांगतो. मी फक्त दुजोरा द्यायचा. ट्रक जास्त, परदेशी ग्राहक घाईत, माणसाच्या डोळ्यावर किती विसंबणार, असं वरून आलं म्हणे. मला राग यायला हवा होता. हायसं वाटलं.

अक्काबाई बाभळीखाली नाही. ती शीतगृहात खोक्यांना पट्ट्या बांधायच्या कामाला लागली आहे. दत्तू तिच्याच गावचा, नात्यानं तिचा दीर लागतो, त्यानं ठेकेदाराला सांगून लावलं. मला पाहून लांबून हात केला तिनं. बरं झालं. कामात माणूस सावरतं.

तो आज चार डब्यांत दिसला. बसलेला. संगणक म्हणाला हिरवं. मी हिरवं दाबलं.

४ मार्च

आज दोघं होते.

संध्याकाळचा शेवटचा द्राक्षाचा ट्रक. दारापाशी तो, मांडीत निळी रेघ. त्याला खेटून दुसरं कुणी, लहानखुरं, डोक्यावरून काहीतरी ओढून घेतलेलं. मागं ट्रकांची रांग, हॉर्नवर हॉर्न. संगणकाचं हिरवं. समर्थसर माझ्या खुर्चीमागं उभे. त्यांना विचारलं, दिसतं का काही? ते म्हणाले, मंजुषा, प्लीज.

माझ्या मनात काय आलं तेही लिहिते. निदान आता तो एकटा नाही, असं आलं.

हिरवं दाबलं.

५ मार्च

सकाळी दत्तू केबिनच्या काचेशी आला. वैनी काल गावाकडच्या टेंपोत बसली नाय म्हणाला. घरी नाय आली. तुम्ही पाह्यली का, ताई?

शीतगृहाच्या दाराबाहेर दोन जोड चपला होत्या. एक पुरुषाचा. एक बाईचा. शेजारी शेजारी, नीट लावलेल्या.

मला समजलं. तिथल्या तिथं मला समजलं. जतन झालेलं कालचं चित्र काढलं. दारापाशी एक माणूस. एकच. लहानखुरं. हातात बांगड्या, अगदी बारीक निळी वर्तुळं. काल मी त्या पाहिल्याच नाहीत.

साहेबांनी मुंबईला फोन लावले. डबा बंदराच्या आवारात पोचलेला. तिथं हजारो. हिरवा शेरा असलेला कुणी उघडत नाही, कुठं ठेवलाय तेच त्यांना पटकन सांगता येईना. समर्थसर गाडी घेऊन निघाले. मला नेलं नाही.

दिवसभर फोन. सापडला नाही. सापडला नाही.

६ मार्च

सापडला.

समर्थसरांनीच सांगितलं, फोनवर, कसारा घाटातून परत येताना. गाडी बाजूला लावून बोलत होते. अक्काबाई दारापाशी बसलेली होती. चेहरा शांत. डोकं एका बाजूला कललेलं, जसं कुणाच्या खांद्यावर असावं. उजवा हात हवेत तसाच, कुणाच्या तरी पाठीवरून टाकल्यासारखा. हात खाली येईना, म्हणाले.

तिचं लुगडं अंगावर नव्हतं. सोडून शेजारी पांघरलेलं होतं. शेजारी म्हणजे रिकाम्या जागेवर.

९ मार्च

चौकशी झाली. दीड तासात. चित्र प्रणालीनं तपासून हिरवं ठरवलं होतं, नारिंगीत नारिंगी मिसळलं, असं होऊ शकतं. कर्मचाऱ्यानं नियमाप्रमाणे दुजोरा दिला. व्यक्तिगत दोष नाही. मला तसं लेखी मिळालं.

मी म्हटलं, मला दिसली होती. चौकशी समितीचे अध्यक्ष म्हणाले, तुम्हाला तर दोघं दिसले होते ना? एवढं विचारून त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. पहिला डबा तिकडं पोचला, उघडला. पुंजा आत होता. सळईवरून ओळख पटली. दारावर आतून ओरखडे आहेत, म्हणाले. साहेब रडत होते. मला रडू येत नाही.

नोकरी सोडते म्हटलं. मोसम संपेपर्यंत थांबा म्हणाले, दुसरं कुणी नाही.

१२ मार्च

थेटेंचा माल. तेच पहिले बागायतदार. ते दोघं दारापाशी, खेटून. संगणक हिरवं.

मी लाल दाबलं. कुणी मला अडवलं नाही. साहेब नुसते उठून बाहेर आले. दत्तूनं सील तोडलं, पण दांडा मी फिरवला. मला उघडायचंच होतं. एकदा तरी वेळेवर.

खोकी. वरपासून खालपर्यंत.

मी हाक मारली. अक्काबाई, म्हटलं. माफ करा, म्हटलं. सगळे बघत होते.

खोक्यांच्या मागून आवाज आला. हळू. झोपमोड झाल्यासारखा.

“दार लावा, ताई. ह्यांना वारं लागतंय.”

दत्तूच्या हातून कटर पडलं. तो तिथंच मातीत बसला. म्हणजे त्यानंही ऐकलं.

मी पळाले. दार तसंच टाकून पळाले. नंतर कुणी लावलं माहीत नाही. बराच वेळ उघडंच होतं, म्हणे. भर उन्हात.

१७ मार्च

चित्रं स्वच्छ. पाच दिवस. एकाही डब्यात कुणी नाही. मी आता प्रत्येक डबा थांबवून पाहते, समर्थसर अडवत नाहीत. खोकी, नुसती खोकी. नारिंगी, सरळ, कंटाळवाणी. आज मी जेवले. आईशी बोलले. तिला म्हटलं, येते महिनाअखेरीला, कायमची.

दत्तू गावी गेला. जाताना साहेबांच्या पाया पडला. माझ्याकडे आला नाही.

२० मार्च

प्रतिभाकाकूंनी संध्याकाळी विचारलं, तुझे पाहुणे जेवणार आहेत का, भाकरी टाकते चार जास्त.

कुठले पाहुणे?

अगं, दुपारपासून जिन्यात बसलेत ना. म्हटलं, आत बसा, तर नको म्हणाले. तुझी वाट बघतो म्हणाले. बाई गरीब आहे गं. नवऱ्याचा पाय अधू दिसतो, सरळच ठेवतो.

मी जिन्यात गेले. कुणी नाही. तिसरी पायरी ओली होती. हात लावला. बर्फ —

काकूंना म्हटलं, गेले ते. त्या म्हणाल्या, अनवाणीच आले होते, चपला तरी द्यायच्या होत्यास.

२१ मार्च

डब्यांत का दिसत नाहीत ते कळलं. दार मी उघडलं. आणि ती म्हणाली तरी लावलं नाही.

रजा टाकली. यवतमाळचं तिकीट उद्याचं नाही मिळालं. परवाचं.

२२ मार्च

शेजारी कूलर लागलेत. माझ्या खोलीत तोंडातून वाफ निघते. दुपारी. दोन्ही खिडक्या उघड्या, ऊन पलंगावर, तरी —

समर्थसरांना फोन केला. ते फक्त म्हणाले, तुझ्याकडेही? आणि ठेवला.

माफी मागितली मी. मोठ्यानं. खोलीत. कुणी रागावलेलं नाही. तेच सहन होत नाही. राग असता तर —

पांघरूण सकाळी माझ्या अंगावर नव्हतं. घडी करून नव्हतं टाकलेलं. दाराजवळ पसरलेलं. दोघांवर घालावं तसं.

२३ मार्च. दुपार

बॅग भरली आहे. संध्याकाळी गाडी. रिक्षा सांगितली.

बोटं वाकत नाहीत नीट. अक्षर —

दिसले. आत्ता. पडद्यावर नाही. दाराशी, भिंतीला टेकून, दोन्ही बाजूंना एकेक. मधे दार उघडं. तो खाली बघतो आहे. पाय सरळ. ती माझ्याकडे. हसल्यासारखी. थंडीनं ओठ —

पदर उचलून धरलाय तिनं. एका बाजूनं. कुणाला आत घ्यावं तसा.

काकू खालून ओरडताहेत. रिक्षा आली म्हणून. आणि दार का गं सताड उघडं, लाव ना, केवढी गार झुळूक येतेय वरून —

लावायला हवं. तेवढंच मागतात ते. कधीपासून तेवढंच. पण दारापर्यंत जायचं तर त्या दोघांच्या मधून —